रत्नप्रभाचा पूर्ण प्रश्न

नंदकुमारचा फोन आला तेव्हा मी विक्रोळीला कारखान्यात, स्टोअरमध्ये होतो. तो म्हणाला, "धोंडू, भिंत पडली." मी म्हणालो, "हो रे, आजच पाडायची होती. धूळ येत असेल तुमच्याकडे, जरा सांभाळून घ्या." तो म्हणाला, "तसं नाही. तू ये."

भिंत पाडायची हे मला माहीत होतं. सकाळी डबा हातात देताना रत्नप्रभाने सांगितलं होतं, संध्याकाळी चपला घालूनच आत या, खाली विटांचे तुकडे असतील. रिक्षात बसलो तेव्हाही माझ्या डोक्यात तेच होतं. हायवेवरून मुलुंडला येईपर्यंत मी स्वतःला सांगत होतो की भिंत पडली म्हणजे काम लवकर झालं.

आमची इमारत मुलुंड पूर्वेला. तळमजला आणि वर दोन मजले, जुनी. आम्ही पहिल्या मजल्यावर, आमच्या बरोबर वर नंदकुमार. गेटशी अग्निशमन दलाची गाडी उभी होती आणि सगळी बिल्डिंग रस्त्यावर. मला कुणी जिना चढू दिला नाही. खालून वर पाहिलं, तर आमच्या स्वयंपाकघराची खिडकी जागेवर होती आणि त्या खिडकीतून नंदकुमारच्या घरातला फ्रीज दिसत होता. वरची जमीन आमच्या स्वयंपाकघरात आली होती.

इस्पितळात एका तरुण डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं. मी आत गेलो. रत्नप्रभाच्या केसांत चुना होता. तो मी हाताने झटकत बसलो. नर्सने मला थांबवलं नाही.

भिंत पाडणारा मिस्त्री सीताराम वाचला. त्याचा पाय मोडला. नंदकुमारची म्हातारी आई पुढच्या खोलीत पलंगावर होती म्हणून वाचली. दोन दिवसांत इमारत धोकादायक असल्याची नोटीस लागली, खालून लोखंडी टेकू लागले, आणि सगळ्यांना घरं सोडावी लागली. कुणी नातेवाइकांकडे गेलं, कुणी भाड्याने. मी बोरिवलीला मुलीकडे, मानसीकडे गेलो.

तिचे दिवस झाले. लोक भेटायला आले. पण बिल्डिंगमधलं कुणी आलं नाही. मी पोस्टातली कागदपत्रं घ्यायला मुलुंडला गेलो तेव्हा गेटशी नंदकुमार भेटला. आम्ही दोघं एका वाडीतले नसलो तरी एका तालुक्यातले, पोरं एकत्र वाढवलेली. तो माझ्याकडे न बघता बोलला.

"तुला काय बोलणार, धोंडू. तुझं तर सगळंच गेलं. पण कुणाला तरी विचारायचं ना रे. एवढी हौस. कुणाला तरी विचारायचं."

मी म्हणालो, "तिने विचारलं होतं."

"कुणाला? मिस्त्रीला?"

तेव्हा मला त्याला नीट सांगता आलं नाही. पंचनाम्यातही तेच लिहिलं होतं. तज्ज्ञांचा सल्ला न घेता भिंत पाडण्यात आली. मानसीने मला ते वाचून दाखवलं आणि कागद उलटा ठेवला.

पण तिने विचारलं होतं. मी तिथे बसलेलो होतो. ते कसं झालं ते सांगतो.

मानसीने आईच्या फोनवर पॉडकास्ट लावून दिले होते. पॉडकास्ट म्हणजे रेडिओसारखाच, फक्त आपल्याला हवा तेव्हा ऐकायचा. रत्नप्रभा स्वयंपाक करताना फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवायची. आधी तिने रेसिपीचे ऐकले. ते तिला पटले नाहीत. म्हणायची, यांना धड भाजणी भाजता येत नाही आणि मला शिकवतात. मग तिला 'नकाशाबाहेर' सापडला.

तो अंधेरीचे दोन आर्किटेक्ट चालवायचे, चंद्रप्रकाश आणि अक्षता. तो खरं म्हणजे त्यांच्याच धंद्यातल्या लोकांसाठी होता, आर्किटेक्ट, इंटिरियरवाले, कॉलेजातली मुलं यांच्यासाठी. आपलं काम लोकांना कसं समजावून सांगावं, हा त्यांचा विषय. चंद्रप्रकाश म्हणायचा की नकाशा समोर ठेवला की क्लायंट मान डोलावतो, पण त्याला काही कळलेलं नसतं. म्हणून नकाशा मिटवा आणि बोलून सांगा. जे बोलून सांगता येत नाही ते तुम्हालाही नीट कळलेलं नाही. पाहुणा आला की त्याला ते कागद न दाखवता एक घर बोलून उभं करायला लावायचे. दारातून आत आलो, डाव्या हाताला काय, वारा कुठून येतो, बसल्यावर समोर काय दिसतं. रत्नप्रभा चपाती लाटता लाटता डोळे मिटून ते घर बघायची.

प्रत्येक भागाच्या सुरुवातीला चंद्रप्रकाश म्हणायचा, "नमस्कार, डिझाइनवाले." आणि रत्नप्रभा कढईकडे बघत म्हणायची, "हां, बोला."

हळूहळू ती त्यांचे शब्द बोलायला लागली. कपाट एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीला गेलं, कारण सर्क्युलेशन, म्हणजे येणं-जाणं, अडत होतं. मी म्हणायचो, "आर्किटेक्टबाई, चहा कुठल्या बाजूने सर्क्युलेट होणार आहे?" ती म्हणायची, "तुमच्याकडून कधी काही सर्क्युलेट होतं का? रिकामा कपसुद्धा बसल्या जागी राहतो."

आमच्या स्वयंपाकघरात दिवसा उजेड येत नव्हता. ऐन दुपारीही ट्यूब लावावी लागायची. पुढच्या खोलीत भरपूर ऊन यायचं, ते मधल्या भिंतीपर्यंत येऊन थांबायचं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून तिने त्या अंधारात काम केलं होतं आणि कधी कुरकुर केली नव्हती. पण पॉडकास्ट ऐकायला लागल्यावर तिला ते खुपायला लागलं. भिंतीकडे बघून म्हणायची, पलीकडे उजेड आहे हो, फक्त एवढी वीट आडवी आहे.

त्यांनी ऐकणाऱ्यांकडून प्रश्न मागवले होते. लिहून नको, तुमच्या आवाजात पाठवा, असं सांगितलं होतं. एका संध्याकाळी रत्नप्रभा ओट्याजवळ स्टुलावर बसली आणि फोन तोंडाजवळ धरला. मी स्वयंपाकघराच्या दारात पेपर वाचत होतो. मला गप्प राहायला सांगितलं. ती काय बोलली ते मला आजही पाठ आहे, कारण नंतर मी ते पुष्कळ वेळा ऐकलं.

"नमस्कार. मी रत्नप्रभा परब, मुलुंडहून बोलते. मी तुमच्यातली नाही, घरीच असते, पण तुमचं सगळं ऐकते. माझ्या स्वयंपाकघरात दिवसा उजेड येत नाही. पुढच्या खोलीत येतो. मधली भिंत पातळ आहे, ती काढली तर उजेड ओट्यापर्यंत येईल. पण आमच्या इमारतीला खांब नाहीत, नुसत्या भिंतीच आहेत, आणि माळ्यावर चढून बघितलं तर वरच्यांच्या जमिनीचा लोखंडी गर्डर ह्याच भिंतीवर टेकलेला दिसतो. तर ही भिंत काढू का? चालत नसेल तर तसं सांगा. मी ट्यूब लावत जाईन."

मधेच कुकरची शिट्टी झाली. खांबांचं आणि गर्डरचं ती बोलत होती तेव्हाच. ती जरा हसली आणि शिट्टीच्या वर आवाज काढून बोलत राहिली. झाल्यावर मी विचारलं, परत करतेस का. ती म्हणाली, "कशाला? स्वयंपाकघराचाच प्रश्न आहे, कुकर पण बोलेल." आणि पाठवून दिला.

काही आठवड्यांनी तो पॉडकास्टवर आला. रविवार होता. आम्ही दोघं ओट्याशी उभं राहून ऐकलं. तिचं नाव आलं, मुलुंड आलं, उजेड आला. मग भिंत पातळ आहे, ती काढली तर उजेड ओट्यापर्यंत येईल, आणि लगेच, तर ही भिंत काढू का. मधलं नव्हतं. ट्यूबचंही नव्हतं. चंद्रप्रकाश खूश झाला होता. असा क्लायंट प्रत्येकाला मिळो, म्हणाला. यांना नकाशा येत नाही पण उजेड कुठे थांबतो ते दिसतं. मग त्याने उत्तर दिलं.

"रत्नप्रभाताई, दोन खोल्यांमधली पातळ भिंत ही पार्टिशन असते. इमारतीचा भार खांब घेतात, ही भिंत काही घेत नाही. बिनधास्त काढा. फक्त आधी आत वायरिंग नाही ना ते बघून घ्या."

पुढे तो डिझाइनवाल्यांना म्हणाला की बघा, किती सोप्या शब्दांत सांगता येतं.

मी म्हणालो, गर्डरचं काही बोलला नाही तो. रत्नप्रभा म्हणाली, "मी त्यांना सांगितलंय ना. माझं बोलणं लांबलं होतं म्हणून छोटं केलं असेल. पण त्यांनी तर सगळं ऐकलंय. अडचण असती तर बोलले नसते का?"

मलाही ते बरोबर वाटलं. तिच्या मनात जी एक शंका होती ती तिने मोकळेपणी विचारली होती, आणि शिकलेल्या माणसाने काढा म्हणून सांगितलं होतं. सीताराम मिस्त्री आला तेव्हा त्याने विचारलं की वहिनी, कुणी सांगितलं पाडायला. तिने फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून त्याला तो भाग ऐकवला.

ती गेल्यानंतर मी तिच्याच फोनवरून त्यांच्या नंबरवर लिहिलं. मी तिचा नवरा. तुम्ही सांगितलं म्हणून भिंत काढली. वरचा मजला खाली आला. ती गेली. उत्तर आलं, आम्हाला फार वाईट वाटलं, शब्द नाहीत. दुसऱ्या दिवशी बघितलं तर तो भाग तिथे नव्हता. त्याच्या आधीचा होता, नंतरचा होता. मधला काढून टाकला होता.

तिचा मूळचा आवाज फोनमध्ये होता. मी तो बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं की हिने विचारलं होतं. थोड्या वेळाने कुणीतरी लिहिलं, गेलेल्या माणसाचा आवाज असा ग्रुपवर टाकू नये, घरात लहान मुलं आहेत. बाकी कुणी काही लिहिलं नाही. कुणी ऐकला की नाही तेही कळलं नाही.

मग मी अंधेरीला गेलो. मानसी बरोबर येते म्हणत होती, मी नको म्हणालो. ती पॉडकास्ट लावून दिल्याबद्दल स्वतःला दोष देत होती, तिला तिथे नेणं बरं नव्हतं.

त्यांचं ऑफिस एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये होतं. बाहेरच्या हॉलमध्ये मुलं काँप्युटरवर काम करत होती. आतल्या छोट्या खोलीत भिंतींना फोम चिकटवलेला होता, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून. तिथे मला बसवलं. चंद्रप्रकाश पन्नाशीला आलेला, बारीक, आवाज तोच. अक्षता मानसीच्या वयाची. ती दाराजवळ उभी राहिली, बसली नाही.

चंद्रप्रकाशने हात जोडले. मग बराच वेळ बोलला. हा कार्यक्रम व्यावसायिकांसाठी आहे, आम्ही आपसात बोलतो तेव्हा काही गोष्टी गृहीत धरतो, आजकालच्या इमारती खांबांच्याच असतात, शेवटी आम्ही सांगतो की हे फक्त माहितीसाठी आहे, प्रत्यक्ष बघितल्याशिवाय काही करू नका. तो खोटं बोलत नव्हता. शेवटी तसं सांगायचे, मीही ऐकलं होतं. पण तोपर्यंत रत्नप्रभाचा फोन बंद झालेला असायचा, कारण तोपर्यंत भाजी झालेली असायची.

मी म्हणालो, "तिने तुम्हाला खांब नाहीत म्हणून सांगितलं होतं."

"नाही, काका. ते त्यांनी सांगितलं असतं तर मी असं उत्तर दिलंच नसतं."

"सांगितलं होतं. गर्डरचं पण."

तेव्हा अक्षता म्हणाली, "सांगितलं होतं, सर. मी कापलं."

ती माझ्याजवळून पुढे आली आणि काँप्युटर चालू केला. मोठे स्पीकर होते. रत्नप्रभाचा आवाज त्या खोलीत आला. फोनवर ऐकतो तसा नाही, ती शेजारी बसून बोलावी तसा. स्टूल सरकल्याचाही आवाज आला. मग शिट्टी झाली. त्या खोलीत ती फारच मोठी वाटली. शिट्टीच्या मागे रत्नप्रभा हसली आणि म्हणाली, खांब नाहीत, नुसत्या भिंतीच आहेत.

अक्षताने ते थांबवलं. म्हणाली की प्रश्न आले की ती ते साफ करते. आवाज खराब असलेला भाग काढते, लांबण काढते, अर्धं मिनिट ठेवते. सगळ्याच प्रश्नांचं तसंच करते. शिट्टीने आवाज फाटत होता, म्हणून तिथून तिथपर्यंत काढलं. त्यात काय बोललंय ते तिने ऐकलं होतं, पण काम करताना ती शब्द ऐकत नव्हती, आवाज ऐकत होती. सरांना फक्त साफ केलेला प्रश्न मिळाला.

चंद्रप्रकाश खाली बसला. "हे मी आज पहिल्यांदा ऐकतोय," असं तो दोनदा म्हणाला. मला त्याचं खरं वाटलं.

मग त्याने विचारलं की तुम्हाला काय हवंय. मी म्हणालो, तिचा पूर्ण प्रश्न ऐकवा. शिट्टीसकट. आणि त्याचं खरं उत्तर द्या. बस.

तो म्हणाला की तो घरी येईल, मानसीसमोर, सगळ्या नातेवाइकांसमोर माफी मागेल. पण पॉडकास्टवर असं टाकता येणार नाही. वकिलाशी बोललोय. मजला पडल्याची पोलीस केस चालू आहे. बाहेर मुलं बसलीत, त्यांचीही घरं आहेत.

"घरी नको," मी म्हणालो. "घर नाहीच आहे. जिथे बोललात तिथे बोला."

अक्षता मला खाली रिक्षापर्यंत सोडायला आली. जिन्यात तिने मला सांगितलं की तो भाग काढून टाकल्यानंतर घाटकोपरहून एका माणसाचा मेसेज आला. तुमचं ऐकून आम्हीही भिंत काढायचं ठरवलंय, पण आता तो भाग सापडत नाही, परत टाका. तिने त्याला फोन केले. तो उचलत नाही. मेसेज केले, ते त्याने बघितलेले नाहीत. असे आणखी कोण कोण असतील ते कळायला काही मार्ग नाही. ज्यांनी ऐकलं त्यांनी ऐकलं. काढून टाकल्याने ते त्यांच्या कानातून निघत नाही.

पुढच्या आठवड्यात ती मुलुंडला आली. तिला इमारत बघायची होती. आत जायला बंदी होती, गेटला साखळी होती. आम्ही रस्त्याच्या पलीकडे उभे राहिलो. नंदकुमार तिथेच होता. तो रोज एकदा येऊन बघून जायचा. मी सांगितलं, ही आर्किटेक्ट आहे. तो म्हणाला, "आता आलात होय? बघा, बघा. फुकट आहे."

मी रत्नप्रभाचा फोन काढला आणि त्याला म्हणालो, एवढं ऐक. मग तुला काय बोलायचं ते बोल. त्याने फोन कानाला लावला. संपल्यावर म्हणाला, "शिट्टीच्या वेळेला काय म्हणाली, परत लाव." मी परत लावला. त्याने फोन माझ्या हातात दिला आणि टेकूंकडे बघितलं.

"म्हणजे विचारलं होतं," तो म्हणाला.

"हो."

"बरं झालं सांगितलंस." मग म्हणाला, "पण आईला काय सांगू? ती रोज विचारते, घरी कधी जायचं. तिचा पलंग मेव्हण्याच्या पॅसेजमध्ये लावलाय, रे. येणारा जाणारा तिच्या पायाला लागतो."

तो निघून गेला.

अक्षताची गाडी जवळच होती, आम्ही आत बसलो. तिने काचा वर केल्या. म्हणाली, बाहेर असलो की गाडीतच रेकॉर्ड करतो, स्टुडिओसारखी शांतता असते. तिने माइक डॅशबोर्डवर ठेवला. समोर काचेतून आमच्या स्वयंपाकघराची बाजू दिसत होती. ती म्हणाली, "काका, कागद नाही. मला तुमचं स्वयंपाकघर बोलून दाखवा."

मी सांगितलं. पुढच्या खोलीतून आत आलो की उजव्या हाताला ओटा. ओट्याच्या टोकाला मोरी. पाठीमागे, दाराच्या बाजूला तीच भिंत, तिच्यावर देवांचा फोटो आणि दिनदर्शिका. वर माळा, माळ्यावर गणपतीचं मखर आणि पाण्याची जुनी पिंपं. समोर खिडकी. तिच्याखाली स्टूल. ओट्यावर मसाल्याचा डबा, त्याला फोन टेकवलेला. माझं बोलणं तिथे संपलं.

मग तिने रत्नप्रभाचा प्रश्न पूर्ण लावला. शिट्टीसकट, ट्यूब लावत जाईनपर्यंत. आणि माइकजवळ वाकून उत्तर दिलं. तिचा आवाज साधा होता.

"रत्नप्रभाताई, या भिंतीला हात लावू नका. तुमच्या इमारतीला खांब नाहीत, म्हणजे भिंतीच इमारत उचलून धरतात. गर्डर या भिंतीवर टेकलाय, म्हणजे वरच्यांची जमीन या भिंतीवर आहे. तुम्ही बरोबर बघितलंत. बरोबर प्रश्न विचारलात. आम्ही तो अर्धा ऐकला आणि पूर्ण उत्तर दिलं."

ती थांबली. काचेतून वर बघत होती. मग म्हणाली, "तुमच्या खिडकीच्या वर बाहेरून उतरता पत्रा आहे. उजेड तोच अडवतोय. तो काढून त्या जागी उजेड आत येऊ देणारा पत्रा लावा. तेवढ्याने होईल."

मी वर बघितलं. पत्रा होता. ती लग्न होऊन आली त्याच्या आधीपासून तो तिथे होता. अजूनही जागेवरच आहे, त्याला काही झालं नाही.

अक्षताने माइक बंद केला आणि स्टीअरिंगवर डोकं टेकवलं. मी तिला पाणी दिलं. ती म्हणाली, "काका, मी हे याच आठवड्यात टाकते. सर हो म्हणोत की न म्हणोत."

त्या आठवड्यात ते आलं नाही. पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला. पॉडकास्टचा पासवर्ड सरांनी बदललाय, म्हणाली. तिला काही दिवस घरी राहायला सांगितलंय. चंद्रप्रकाश म्हणतोय की केस संपू दे, मग मी स्वतः टाकतो, मी पळून जात नाही. तोपर्यंत काही टाकणार नाही, असं वचन वकिलाने त्याच्याकडून घेतलंय. अक्षता म्हणाली की ती स्वतःचा वेगळा पॉडकास्ट काढून त्यावर टाकू शकते, पण तिथे ऐकायला कुणीच नसेल. मी म्हणालो, नको. ज्यांनी ते उत्तर ऐकलं त्यांनीच हे ऐकायला पाहिजे. तिथेच.

मी चंद्रप्रकाशला मधून मधून फोन करतो. तो उचलतो. कधी टाळत नाही. मला काका म्हणतो, तब्येत विचारतो, मानसीची विचारतो. मग म्हणतो, थोडा धीर धरा. त्याची झोप गेलीय, असं अक्षताने सांगितलं. असेल.

त्या केसमध्ये सीतारामच्या जबानीची तारीख लागली होती. तो काठी घेऊन गावाहून आला. त्याने चौकशी करणाऱ्या साहेबांना सांगितलं की बाईंनी मला मोबाइलवर आर्किटेक्टचं ऐकवलं. त्यांनी विचारलं, कुठे आहे ते. त्याला दाखवता आलं नाही. मी माझ्याकडचा तिचा आवाज दिला. ते म्हणाले, हा प्रश्न झाला, उत्तर कुठे आहे.

अक्षताने तिच्याकडचं सगळं द्यायचं कबूल केलंय. कधी द्यायचं ते तिचा वकील सांगणार आहे. आता तिलाही वकील आहे.

गणपती गेले. या वर्षी बसवले नाहीत, मखर तिथेच माळ्यावर आहे, माळा जेवढा उरलाय तेवढ्यावर. दिवाळीही गेली. 'नकाशाबाहेर' दर रविवारी येतो. आता चंद्रप्रकाश एकटाच बोलतो. सुरुवातीला नमस्कार, डिझाइनवाले, म्हणतो. क्लायंटचं ऐकून कसं घ्यावं यावर त्याने एक भाग केला. हल्ली तो प्रश्न आवाजात मागवत नाही, लिहून मागवतो, आणि फक्त माहितीसाठी आहे हे शेवटी न सांगता सुरुवातीलाच सांगतो. मानसीच्या स्वयंपाकघरात मी फोन मसाल्याच्या डब्याला टेकवतो आणि प्रत्येक भाग शेवटपर्यंत ऐकतो. मानसी गॅस बारीक करते.

घाटकोपरच्या माणसाने फोन अजून उचललेला नाही. इमारत टेकूवर उभी आहे. रत्नप्रभाचा पूर्ण प्रश्न त्यांनी अजून ऐकवलेला नाही.